साह्य कोणाच्या हाती पडते? : अमेरिकेतील एका कौंटीची हकीकत

शेतीस सरकारने द्रव्यसाह्य द्यावे किंवा नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. जगातील बहुतेक सर्व देशांत ते या ना त्या रूपाने दिले जाते. खरा प्रश्न पुढचा आहे. जे साह्य शेतकऱ्याच्या नावाने मंजूर होते, ते प्रत्यक्ष शेत कसणाऱ्याच्या हाती पडते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका परक्या मुलखाचा नव्वद वर्षांचा अनुभव आपल्या उपयोगी पडण्यासारखा आहे. तो गावपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी बांधव यांच्यासमोर मांडण्याचा येथे उद्देश आहे.

कापसाचा मुलूख

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुतेक राज्यांचे कौंटी नावाचे विभाग असतात. कौंटी म्हणजे आपल्याकडील मोठ्या तालुक्याएवढा मुलूख समजावा. मिसिसिपी राज्यातील सनफ्लॉवर कौंटीचे क्षेत्र सुमारे अठराशे चौरस किलोमीटर आहे आणि इंडियानोला हे तिचे मुख्य ठिकाण आहे. नद्यांच्या गाळाने बनलेली तेथील जमीन काळी, खोल व कसदार असून कित्येक पिढ्या त्या जमिनीत कापूस हेच मुख्य पीक होते.

जमीन मोठमोठ्या मळेवाल्यांची आणि कसणारे बहुतांशी कृष्णवर्णीय वाटेकरी, अशी तेथील रचना होती. मालकाने जमीन, खेचर व अवजारे द्यावीत, वाटेकऱ्याच्या कुटुंबाने मेहनत करावी आणि पीक अर्धे अर्धे वाटून घ्यावे, असा रिवाज असे. हंगामभर खाण्यापिण्यास लागणारी उचल मालक देई आणि हिशेब वर्षाअखेरीस तोच मांडी. हिशेबाच्या वहीत वाटेकऱ्याकडे बहुधा बाकीच निघे. आपल्याकडील अर्धेलीने शेती करणाऱ्या कुटुंबास या व्यवहाराचे वर्णन अधिक करून सांगावे लागणार नाही.

उभे पीक नांगरले

१९२९ साली तेथे रुईस पौंडामागे सुमारे १७ सेंट भाव होता. महामंदीत तो घसरत १९३१-३२ च्या सुमारास सहा सेंटांच्या आसपास आला. पीक उदंड आणि घेणारा कोणी नाही, अशी स्थिती झाली. तेव्हा मे १९३३ मध्ये शेती समायोजनाचा कायदा झाला. पेरा कमी केल्यास माल कमी होईल, माल कमी झाल्यास भाव चढेल, आणि पेरा कमी करणाऱ्यास सरकार भरपाई देईल, असे त्याचे सूत्र होते.

कायदा झाला तेव्हा कापूस शेतात उभा होता. म्हणून त्या वर्षी सुमारे १ कोटी एकरांवरील उभे पीक नांगरून टाकण्यात आले आणि त्याबद्दल एकरी ७ ते २० डॉलर रोख देण्यात आले. ओळीतील रोप तुडवू नये असे आयुष्यभर शिकविलेली खेचरे ओळीवरून चालावयास तयार होईनात, असे त्या काळी सांगितले जात असे. आपल्या बैलांची शिस्त ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

उपाय कठोर होता, पण त्याने भाव सावरला. १९३४ साली रुई पौंडास बारा सेंटांच्या घरात गेली आणि बुडू पाहणारे पुष्कळ शेतकरी वाचले. ही जमेची बाजू मान्य करूनच पुढील हकीकत वाचावी.

साडेचार सेंटांची वाटणी

१९३४-३५ च्या करारात पडीक ठेवलेल्या क्षेत्रावरील नेहमीच्या उत्पन्नाच्या हिशेबाने पौंडामागे साडेचार सेंट मिळावयाचे होते. त्यांपैकी साडेतीन सेंट जमिनीचे भाडे म्हणून आणि एक सेंट भावातील तूट म्हणून धरलेला होता. भाडे जमीनमालकाचे. एक सेंटाची रक्कम तेवढी मालक व अर्धेलीदार यांच्यात निम्मी निम्मी व्हावयाची. म्हणजे साडेचार सेंटांपैकी चार सेंट मालकास आणि अर्धा सेंट कसणाऱ्यास मिळे. ज्याने पेरावयाचे थांबविले त्याचे काम गेले, आणि ज्याची जमीन पडीक राहिली त्यास भरपाई मिळाली.

करारातील सातव्या कलमात, मालकाने शक्य तेथवर कुळांची संख्या कमी करू नये, असे लिहिले होते. परंतु ‘शक्य तेथवर’ या शब्दांचा अर्थ मालकाच्या सोयीने लावला जाऊ लागला. पुष्कळ कुटुंबे निघाली. काही ठिकाणी वाटेकऱ्यास मजूर केले गेले, कारण मजुरास अर्धा सेंटही द्यावा लागत नसे. जुलै १९३४ मध्ये शेजारच्या आर्कान्सा राज्यात गोऱ्या व काळ्या वाटेकऱ्यांनी मिळून दक्षिणी कुळांचा संघ स्थापन केला. त्याच माणसांना मळ्यावर ठेवले पाहिजे, असा अर्थ कृषी खात्यातील काही कायदेतज्ज्ञांनी लावला. त्याचा परिणाम असा झाला की, फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या अधिकाऱ्यांनाच नोकरीवरून दूर करण्यात आले.

यातून दिसते ते असे : योजनेच्या हेतूत खोट नव्हती. पैसा कोणाच्या नावे निघावा हे ठरविणारे कलम मात्र जमिनीकडे पाहून लिहिलेले होते, मेहनतीकडे पाहून नव्हे.

यंत्र आले, माणसे गेली

ऑक्टोबर १९४४ मध्ये जवळच्याच कोआहोमा कौंटीतील एका मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. एका यंत्राने सुमारे पन्नास वेचणाऱ्यांचे काम होऊ लागले. यंत्र घेण्यास भांडवल लागे आणि भांडवल ज्याच्याकडे सरकारी रक्कम येई त्याच्यापाशी साचत असे. पुढे १९६५ च्या कायद्याने कापसाचा पेरा कमी करण्याबद्दल मोठ्या रकमा देऊ केल्या. फेब्रुवारी १९६७ पासून मोठ्या मळ्यांवरील शेतमजुरांस तासाला १ डॉलर किमान वेतन लागू झाले. पेरा घटला, मजुरी वाढली, यंत्र हाताशी होते आणि तणनाशकेही आली. खुरपणी व वेचणी यांवर जगणाऱ्या हजारो कुटुंबांना काम उरले नाही.

सनफ्लॉवर कौंटीत हे दोन्ही चेहरे समोरासमोर होते. सिनेटर जेम्स ईस्टलंड यांचा पाच हजार एकरांहून मोठा मळा याच कौंटीत होता. १९६७ साली त्या मळ्यास एक लाख डॉलरांहून अधिक सरकारी रक्कम मिळाल्याचे त्या काळी प्रसिद्ध झालेल्या याद्यांवरून दिसते. त्याच कौंटीतील रूलव्हिल गावी श्रीमती फॅनी लू हॅमर राहत. त्या वाटेकऱ्याच्या घरातील विसावे अपत्य. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी मतदार म्हणून नाव नोंदविण्यास त्या इंडियानोलास गेल्या, म्हणून ज्या मळ्यावर अठरा वर्षे काम केले होते तेथून त्यांना बाहेर पडावे लागले.

१९६९ साली श्रीमती हॅमर यांनी चाळीस एकरांवर ‘फ्रीडम फार्म’ नावाची सहकारी शेती सुरू केली. पुढे तिचे क्षेत्र सहाशे एकरांवर गेले. काम गेलेली कुटुंबे तेथे भाजीपाला पिकवून आपला वाटा नेत. डुकरांची एक पेढीही त्यांनी काढली. कुटुंबास गाभण मादी द्यावयाची, पिले झाल्यावर कुटुंबाने काही पिले पेढीस परत करावयाची, आणि ती पुढील कुटुंबास जावयाची, असा तिचा नियम. ही शेती देणग्यांवर उभी होती. पूर, अवर्षण व जमिनीच्या कर्जाचे हप्ते यांमुळे १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास ती मोडली. शेजारच्या मळ्यास पीक न घेण्याबद्दल लाखावर डॉलर मिळत असताना, भुकेल्या कुटुंबांसाठी पीक घेणारी शेती हप्त्यांपायी बंद पडली. ही एकच गोष्ट साह्याची वाट कोठे चुकली ते सांगण्यास पुरे आहे.

मर्यादा आणि पळवाटा

लोकमताचा रेटा वाढल्यावर १९७० च्या कायद्याने एका व्यक्तीस एका पिकामागे वर्षाला ५५ हजार डॉलरांहून अधिक देऊ नये, अशी मर्यादा घातली. १९७३ मध्ये ती सर्व पिके मिळून २० हजारांवर आणली. परंतु ‘व्यक्ती’ म्हणजे कोण? मळ्यांच्या मालकांनी मुले, भाऊ, विश्वस्त निधी व कंपन्या यांच्या नावे शेते कागदोपत्री विभागली. एका कंपनीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा फांद्या फुटत गेल्या. १९८० नंतर या रचनेस तिकडे ‘मिसिसिपी ख्रिसमस ट्री’ असे नावच पडले. १९८७ मध्ये एका व्यक्तीस तीनहून अधिक संस्थांमार्फत रक्कम घेता येणार नाही असा नियम झाला आणि २००८ च्या कायद्याने संस्थेमागील प्रत्यक्ष माणसाच्या नावे रक्कम मोजण्यास सुरुवात केली.

मर्यादा घालणे सोपे असते. शेत खरोखर कोण चालवतो हे पाहण्याची तजवीज नसेल, तर त्या मर्यादेने केवळ कागद वाढतात, हा यातील बोध आहे.

समितीवर कोण बसले?

अमेरिकेतील शेती योजनांची अंमलबजावणी कौंटी समितीमार्फत होते आणि समितीचे सभासद तेथील शेतकरी निवडून देतात. कल्पना उत्तम आहे. कोणाचे क्षेत्र किती, कोणाचे उत्पन्न किती, हे शेजाऱ्याइतके कोणास कळणार? परंतु १९६४ साली दक्षिणेतील अकरा राज्यांत एकाही कौंटी समितीवर कृष्णवर्णीय सभासद नव्हता, असे तेथील नागरी हक्क आयोगाच्या १९६५ च्या अहवालात नमूद आहे. कृष्णवर्णीय शेतकऱ्यास योजनेची माहिती उशिरा मिळावी, कर्ज पेरणी उलटल्यावर मिळावे, असे प्रकार पुढेही चालू राहिले. अखेर प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९९ च्या तडजोडीनुसार सरकारला शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरपाई म्हणून द्यावी लागली. तोपर्यंत पुष्कळांच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या. वेळेवर न मिळालेले साह्य नंतर व्याजासह मिळाले, तरी गेलेला हंगाम परत येत नाही.

आजची पद्धत

आता पेरा कमी करण्याबद्दल पूर्वीसारखी रक्कम मिळत नाही. २०१४ च्या कायद्यापासून दोन मुख्य मार्ग आहेत. एकात संदर्भ भावाच्या खाली बाजारभाव गेल्यास तूट भरून दिली जाते. दुसऱ्यात कौंटीचे सरासरी उत्पन्न ठरावीक पातळीखाली घसरल्यास रक्कम मिळते. उदाहरणार्थ, २०२५ च्या कायद्याने सरकीसह कापसाचा संदर्भ भाव पौंडास ४२ सेंट केला आहे. समजा बाजारभाव ३६ सेंट राहिला आणि योजनेसाठी धरलेले उत्पन्न एकरी २,००० पौंड आहे. नोंदलेल्या शंभर एकरांपैकी पंचाऐंशी एकरच हिशेबात धरतात. म्हणून ८५ गुणिले २,००० गुणिले ६ सेंट, म्हणजे १०,२०० डॉलर मिळतील. या मार्गांनी एका व्यक्तीस मिळणाऱ्या रकमेची वार्षिक मर्यादा २०२५ पासून १ लाख ५५ हजार डॉलर आहे.

लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की, हे क्षेत्र पूर्वीच्या नोंदीवरून ठरलेले असते. त्या जमिनीवर यंदा सोयाबीन असले तरी रक्कम कापसाची मिळू शकते. जमिनीस रक्कम जोडलेली आहे हे ठाऊक असल्याने मालक खंड वाढवून मागतो, आणि कसणाऱ्यास मिळालेल्या रकमेचा काही भाग खंडाच्या रूपाने मालकाकडे परत जातो. १९३४ चा प्रश्न वेश पालटून पुन्हा उभा राहतो, असे म्हणावयास हरकत नाही.

या साह्याचे पडसाद आपल्यापर्यंतही पोहोचले आहेत. साह्यामुळे साचलेले धान्य १९५४ च्या कायद्याखाली परदेशी पाठविण्यात येऊ लागले आणि १९५६ च्या करारानंतर तो गहू आपल्या रेशन दुकानांत आला. कापसाच्या बाबतीत, अमेरिकन साह्यामुळे जगाच्या बाजारात भाव पडतात अशी तक्रार ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे केली व ती मान्य झाली. जगाच्या बाजारातील रुईचा भाव यवतमाळ-अकोल्याच्या जिनिंगपर्यंत येऊन पोहोचतो, हे कापूस उत्पादकांस वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडील स्थिती

आपली परिस्थिती निराळी आहे. येथे पाच हजार एकरांचे मळे नाहीत. येथे दोन-चार एकरांचे खातेदार आहेत. तथापि साह्य जमिनीच्या नोंदीच्या वाटेने जाते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये भूमी अभिलेखात नाव असलेल्या कुटुंबास मिळतात. बटाईने कसणाऱ्यास मिळत नाहीत. राज्याच्या २०२३ च्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पायाही तोच आहे. ठिबक सिंचनासाठी केंद्राच्या योजनेखाली अल्प व अत्यल्प भूधारकास ५५ टक्के व इतरांस ४५ टक्के अनुदान ठरलेले आहे. राज्याने २०२१ मध्ये त्यात अनुक्रमे २५ व ३० टक्क्यांची भर घालून ते ८० व ७५ टक्के केले. मान्य खर्च १ लाख रुपये असेल, तर लहान शेतकऱ्यास ८० हजार रुपये मिळतात. परंतु सातबारावर नाव नसेल, तर अर्जच पुढे सरकत नाही.

सातबारावर नाव नसलेला कसणारा कोण, याचा विचार करावा. पती वारल्यावर शेत सांभाळणारी आणि वारस नोंद न झालेली बाई. एकत्र खात्यावर आजोबांचेच नाव राहिल्यामुळे अडकलेला नातू. मालक शहरी राहतो म्हणून तोंडी बोलीने खंडाने शेत करणारा शेजारी. या तिसऱ्या व्यवहारास इतिहास आहे. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्याने व १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने त्या कायद्याच्या क्षेत्रात कसणाऱ्या लक्षावधी कुळांस मालकीचा मार्ग मोकळा केला. ते फार मोठे कार्य होय. परंतु जमीन जाईल या धास्तीने त्यानंतर मालक लेखी करार करण्यास कचरू लागला आणि आजचा खंडकरी कागदावर दिसेनासा झाला. तोंडी बोलीवर कसणाऱ्यास पीक बुडाल्यावर हाती काहीच राहत नाही. पीकविमा योजनेत खंडकऱ्यास भाग घेता येतो, मात्र त्यासाठी आपल्या राज्यात नोंदणीकृत भाडेकरार लागतो.

गावपातळीवर करावयाची कामे

धोरण बदलणे आपल्या हाती नसले, तरी पुढील कामे गावातच होण्याजोगी आहेत.

१. वारस नोंद : जमिनीत हक्क प्राप्त झाल्यावर तीन महिन्यांच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्यास, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यास, कळविणे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४९ व्या कलमाने आवश्यक आहे. गावात मृत्यू झाला की दिवसकार्य आटोपल्यावर कार्यकर्त्याने स्वतः त्या घरी जाऊन ही आठवण करावी.

२. स्त्रीचे नाव : पतीने अर्ज दिल्यास पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची तरतूद १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेत आहे. ही तरतूद ग्रामसभेत वाचून दाखवावी.

३. पीक पाहणी : २०२१ पासून शेतकऱ्याने मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद स्वतः करावयाची पद्धत सुरू झाली आहे. ज्यांच्याकडे तसा फोन नाही, त्यांची यादी करून त्यांची नोंद प्रथम करवून घ्यावी.

४. पूर्वसंमती : ठिबक किंवा अवजारे यांची खरेदी पूर्वसंमती हाती आल्यानंतरच करावी. आधी घेतलेल्या मालाच्या पावतीवर अनुदान मिळत नाही, हे विक्रेत्याने काहीही सांगितले तरी विसरू नये.

५. यादीचे वाचन : कोणत्या योजनेत कोणास किती रक्कम मिळाली, याची यादी चावडीवर लावावी व ग्रामसभेत वाचावी. सनफ्लॉवर कौंटीची हकीकत जगास कळली, ती रकमांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या म्हणूनच.

६. गैरहजर माणूस : यादी वाचून झाल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा. गावात शेत कसतो, पण या यादीत नाही, असा कोण आहे? त्याचे नाव का नाही, हे लिहून तालुक्यास कळवावे.

सनफ्लॉवर कौंटीत नियम होते, पैसा होता, समिती होती, आणि हेतूही बराचसा चांगला होता. तेथे कमी पडला तो हा शेवटचा प्रश्न विचारणारा माणूस. आपल्या गावात तो प्रश्न विचारण्याचे काम कार्यकर्त्याचे आहे आणि त्याचे खरे उत्तर देण्याचे काम गावकऱ्यांचे. येत्या ग्रामसभेत एवढे जरी झाले, तरी दोन-चार घरांची अडलेली नोंद मार्गी लागेल व पुढील हंगामाचे साह्य योग्य हाती पडेल, यात शंका नाही.